केंद्र मुलीच्या नावावर घेतलंत, तिला विचारलंत का?

प्रश्न : घाटंजी तालुक्यात माझं मेडिकल आहे. मुलगी एकोणीस वर्षांची. बारावी सायन्स झाली, नीट दोनदा दिली, दुसऱ्या वेळी २८७ मार्क पडले. तिसऱ्यांदा क्लास लावायची ऐपत नाही. म्हणून नागपूरच्या एका कंपनीचं टेलिमेडिसिन केंद्र दुकानातच घेतलं. माझ्यावर पीककर्ज थकीत असल्यामुळे करार मुलीच्या नावाने केला. बीपी, शुगर, इसीजी सगळं मोबाइलला जोडलेलं आहे आणि डॉक्टर व्हिडिओवर येतात. कंपनी सहा महिन्यांचा डिप्लोमाही देते. तो केला की ती रीतसर केंद्र चालवू शकेल ना? पोरगी मात्र ‘लॉ करते’ म्हणून अडून बसली आहे. सायन्स घेऊन लॉ करतं का कोणी? तिला समजवावं.

उत्तर : तुमच्या पत्राला मुलीने स्वतः लिहिलेलं दीड पान जोडलं आहे. तुम्ही ते वाचलंत की नाही कोण जाणे. वाचलं नसेल तर आधी ते वाचा, कारण माझं उत्तर मुख्यतः त्याच पानाला आहे.

ती लिहिते, ऑगस्टमध्ये फवारणीवरचा एक मजूर केंद्रात आला. दरदरून घाम सुटलेला, तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झाल्या होत्या. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९७ आलं आणि ॲपवर हिरवी खूण उमटली. डॉक्टर काही व्हिडिओवर आले नाहीत. तुम्ही म्हणालात, “९७ आहे, काही होत नाही त्याले, ओआरएस दे अन् घरी पाठव.” तिने तुमचं न ऐकता ऑटो बोलावला आणि त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. त्यावरून घरी दोन दिवस अबोला होता.

यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला २०१७ चा फवारणीचा हंगाम आठवून द्यायची गरज पडू नये. त्या वर्षी आपल्याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले. ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन मोजतो. अंगात कीटकनाशक किती भिनलंय हे तो सांगत नाही, आणि सुरुवातीच्या तासांत त्याच्यावरचा आकडा चांगला दिसू शकतो. अशा रुग्णाला विषावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिन लागतं, सलाईन लागतं, डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस लागतो. मशीनच्या हिरव्या खुणेवर विश्वास न ठेवता तुमच्या मुलीने समोरच्या माणसाकडे पाहिलं. मार्कांचा आकडा बाजूला ठेवून मी तिच्याबद्दल मत बनवतोय ते यावरून.

आता त्या पानावरच्या दुसऱ्या गोष्टी. डॉक्टर आले नाहीत तर मागच्या रुग्णाची चिठ्ठी तारीख बदलून वापरायची, असं कंपनीचा माणूस सांगून गेलाय आणि तसं दोनदा झालंही आहे. हे आजच्या आज बंद करा. उद्या नाही, आज. डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक असलेल्या चिठ्ठीत फेरफार करणं म्हणजे बनावट दस्तऐवज तयार करणं. त्यावर औषध निघतंय तुमच्याच दुकानातून, म्हणजे तुमचा परवानाही धोक्यात आहे.

तिसरी गोष्ट तिने अगदी सहज लिहिली आहे, मला मात्र ती सगळ्यात जास्त टोचली. नवीन रुग्ण आला की ॲपवर इंग्रजीत लांबलचक मजकूर येतो आणि खाली संमतीचं बटण. “म्हाताऱ्या बाया मोबाइल माझ्याच हातात देतात, बटण मीच दाबते. त्या कशाला हो म्हणतात ते त्यांना माहीत नाही आणि मलाही नाही. इसीजीचा कागद पुढे कोण पाहतं?” तिचा प्रश्न बरोबर आहे. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रुग्णाने स्वतः डॉक्टरला फोन केला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. पण आरोग्य कर्मचारी रुग्णाला जोडून देत असेल तर संमती स्पष्टपणे घ्यावी लागते आणि तिची नोंद ठेवावी लागते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की माहिती कशासाठी घेतली जातेय हे माणसाला समजेल अशा भाषेत कळलं पाहिजे आणि ते मराठीतही मागता आलं पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्षाची मुदत आहे. मुदत आहे म्हणून आज दुसऱ्याच्या नावाने बटण दाबायला मोकळीक मिळत नाही. आपल्याकडे कोलाम, गोंड या आदिवासी वस्त्यांमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा एक रिपोर्ट बाहेर फुटला तर सोयरिक मोडते. मोबाइलमधला कागद कोणाच्या हाती पडतो, हा प्रश्न गावातल्या पोरीच्या लग्नाइतका जवळचा आहे.

“चूक झाली तर धरणार कोणाला?” असंही तिने विचारलंय. औषध लिहिण्याची जबाबदारी डॉक्टरची. समोर आलेला डॉक्टर नोंदणीकृत आहे हे पाहण्याची जबाबदारी ॲपवाल्या कंपनीची. यंत्र बरोबर चालतं की नाही हे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली उत्पादक आणि आयातदाराने पाहायचं, आणि एप्रिल २०२० पासून आजार ओळखण्यासाठी वापरलं जाणारं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत आलं आहे. हे झालं कागदावर. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत असंही म्हटलंय की रुग्णाची माहिती डॉक्टरखेरीज दुसऱ्या व्यक्तीमुळे फुटली असं मानायला वाजवी पुरावा असेल तर डॉक्टरला दोषी धरता येणार नाही. दुकानात बसलेली ही दुसरी व्यक्ती कोण, हे तुम्हीच पाहा. कंपनी नागपुरात, डॉक्टर पडद्यावर, आणि रुग्णाचे नातेवाईक येणार ते तुमच्या दारात. करारावर सही मुलीची आहे.

तुम्ही कर्जातून वाट काढत होता, ते मला कळतं. सोयाबीन-कपाशीच्या भावाने घर चालवणाऱ्याला दुकानात एक जोडधंदा हवासा वाटणारच. पण ज्या कागदावर तुम्ही स्वतःचं नाव घालायला कचरलात, त्यावर एकोणीस वर्षांच्या पोरीचं नाव घातलंत. त्याला ‘तिचं करिअर’ म्हणणं मला मान्य नाही.

डिप्लोमाबद्दल गैरसमज मोठा आहे आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. सहा महिन्यांचा टेलिहेल्थ कोर्स केला की आरोग्य कर्मचारी होता येतं, असं गावोगावी पत्रकं वाटून सांगितलं जातं. मार्गदर्शक तत्त्वांतली व्याख्या अशी : नर्स, पॅरामेडिकलचं रीतसर शिक्षण घेतलेली व्यक्ती, मध्यम स्तरावरचे आरोग्य सेवक, एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) किंवा योग्य अधिकाऱ्याने नेमलेला कर्मचारी. खासगी कंपनीने स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र यात कुठेच बसत नाही. ते घेतलं तरी मुलगी कायद्याच्या नजरेत बारावी पास मुलगीच राहील. येणाऱ्या बाया तिला ‘डाक्टरीन बाई’ म्हणतात असं तिने लिहिलंय. हे कौतुक नाही, धोका आहे. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केल्यास २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. ॲपमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेलाही औषध लिहून द्यायची परवानगी नाही, मग केंद्रचालकाला कुठून असणार?

याचा अर्थ दूरवरून उपचार वाईट, असा काढू नका. सरकारच्या ई-संजीवनी या टेलिमेडिसिन सेवेमुळे उपकेंद्रात बसून तज्ज्ञ डॉक्टरशी बोलता येतं, आणि यवतमाळला जायला एक दिवसाची मजुरी बुडते त्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. तिथे रुग्णाजवळ बसणारा समुदाय आरोग्य अधिकारी मात्र नर्सिंग किंवा आयुर्वेद शिकून, नोंदणी करून आलेला असतो.

आता बाळा, तुझ्याशी. तिसऱ्यांदा नीट देऊ नकोस, तुझी इच्छा असेल तरच वेगळी गोष्ट. बारावी सायन्सवरून पाच वर्षांचं लॉ खुशाल करता येतं, शाखेची अट नाही. खुल्या वर्गाला बारावीला ४५ टक्के लागतात, आरक्षित वर्गांना सवलत आहे, आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, ती इंग्रजीत असते. ही माहिती पाच मिनिटांत मिळते, म्हणून इथेच थांबतो.

माझं मत मात्र थोडं वेगळं आहे. तू आधी बी.एस्सी. नर्सिंग करावंस असं मला वाटतं. चार वर्षांनी नोंदणी मिळेल आणि आज ज्या खुर्चीवर तू हक्काशिवाय बसतेस, तिथे हक्काने बसशील. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची वाटही तिथूनच जाते. पुढे संमती, डेटा, यंत्रांची जबाबदारी हे प्रश्न तुला असेच छळत राहिले, तर पदवीनंतर तीन वर्षांचं एल.एल.बी. आहेच. रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहिलेले वकील आपल्याकडे फार थोडे आहेत. रुग्णालयांना, उपकरण कंपन्यांना आणि ग्राहक आयोगात भांडणाऱ्या रुग्णांनाही अशी माणसं लागणार आहेत. तरी लॉच आधी करायचं असं ठरवलंस तर मी अडवणार नाही. तू पान लिहिलंस तसं मुद्द्याला धरून लिहिणारी मुलगी वकिलीत मागे पडत नाही.

काकासाहेब, येत्या आठवड्यात एक काम करा. कराराची प्रत घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जा, तालुका न्यायालयातच चौकशी केली की पत्ता लागेल. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते, म्हणजे तुमच्या मुलीलाही. केंद्र बंद कसं करायचं, अनामत परत मिळते का, आणि झालेल्या दोन चिठ्ठ्यांचं काय करायचं, हे तिथल्या वकिलाला सगळं खरं सांगून विचारा. सही मुलीची आहे, तेव्हा अर्जही तीच करेल आणि वकिलाशी बोलेलही तीच. तुम्ही सोबत जा. तोवर केंद्राचं शटर खाली राहू द्या.