चार वर्षांचा मुलगा सारखा कामात मध्ये मध्ये येतो. त्याला घरकाम करू द्यावं का?

करू द्या. आणि त्याला ‘मध्ये मध्ये येणं’ म्हणू नका. चपात्या लाटायला बसलं की शेजारी येऊन कणकेचा गोळा मागणारं पोर तुमच्यात सामील व्हायला बघत असतं. वेळ दुप्पट लागतो म्हणता, तो लागतोच. त्यावर उपाय नाही.

पण मी लिहितेय ते तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यासाठी: ‘सासूबाई म्हणतात, मुलाला कशाला ही सवय?’

आमच्याकडे कोल्हापुरात मंगळवार पेठेत उन्हाळ्यात वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, होते. डंकावर कुटायला न्यायच्या आधीचं निवडणं-भाजणं घरीच, त्यामुळे जावा, नणंदा सगळ्या जमतात. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. मला पण काम दे म्हणून मागं लागला, तर त्याला मिरच्यांपासून लांब, लसणाच्या परातीजवळ बसवलं. लसणाला तेल चोळून ऊन दाखवलं होतं, साल पटकन सुटत होती. अंगठ्यानं पाकळी दाबायची, साल निसटली की फुंकर मारायची, पाकळी वाटीत टाकायची. निम्मी सालं त्याच्या केसांत. वाटी भरत आली की उठून आजीला दाखवून यायचा.

तेवढ्यात माझ्या आत्तेसासूबाई आल्या. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. “पोरगं हाय ते! त्येला लसूण सोलाय बसवलंस व्हय गं? ऊठ रं बाळा, खेळ जा.” वाटी काढून घेतली आणि आत पुस्तक वाचत पडलेल्या माझ्या आठ वर्षांच्या मुलीला हाक मारली, “ये गं, बस हितं. उद्या सासरी काय करशील?” तिनं सकाळीच सगळी कोथिंबीर निवडून दिली होती. म्हणजे जो मागत होता त्याच्या हातचं काढून घ्यायचं आणि जिचं करून झालंय तिला परत बसवायचं! मुलगा रडायला लागला तर म्हणे, “बघ, कंटाळलं पोरगं.” कंटाळला कुठला, वाटी गेली म्हणून रडत होता.

मी वाटी परत त्याच्याकडे दिली, मुलीला आत पाठवलं. “बायकी करणार हाईस पोराला,” आत्ती म्हणाल्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं, गंगावेस तालमीत जाऊन बघा, नाहीतर मोतीबाग तालमीत. तालमीत राहणारे पैलवान स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात, थंडाईला बदाम स्वतः घोटतात, आखाड्याची माती स्वतः खणतात. त्यांना बायकी म्हणायची कुणाची छाती आहे कोल्हापुरात? आत्तींना पटलं नाही. अजूनही पटत नाही, पण माझं म्हणणं तेच आहे.

चॉकलेट किंवा पैसे देऊ का, हेही तुम्ही विचारलंय. अजिबात देऊ नका. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की दीड वर्षाची बाळंसुद्धा अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू आपणहून उचलून देतात. २००८ मध्ये त्यांनी वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल बक्षीस देऊन पाहिलं. ज्यांना बक्षीस मिळालं होतं, त्यांची मदत नंतर कमी झाली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती मुलं करत राहिली. म्हणजे इच्छा मुलात आधीपासून असते, घालवतो ती आपण.

कामं कोणती? वाळलेले कपडे वेगळे करणं, मोजे जोडीनं लावणं, जेवायला ताटं-वाट्या घेणं, कुंड्यांना पाणी, मटार सोलणं. त्यानं केलेलं त्याच्यासमोर परत करायला घेऊ नका, एवढंच सांभाळा.

गॅस, कुकर, गरम तेल, विळी यांपासून लांब ठेवायचं हे तुम्हाला सांगायला नको. मिरच्या मात्र कोरड्या असल्या तरी देऊ नका, तोच हात डोळ्याला जातो. फिनेल, ॲसिडच्या बाटल्या वर ठेवा. घरात धाकटं भावंड असेल तर शेंगदाणे, मटार त्याच्या हाताशी नकोत, नाकात घालतात किंवा घशात अडकतात. आणि शाळा बुडवून धाकट्याला सांभाळायला ठेवणं याला मी मदत म्हणत नाही. बालमजुरीच्या कायद्यातली २०१६ ची दुरुस्तीही घरच्यांना मदत करायची मुभा देते ती शाळेच्या वेळेबाहेर आणि धोक्याची कामं सोडून.

सासूबाईंचं म्हणाल तर नवऱ्याला पुढं करा. बाप जेवून ताट तिथंच सोडून उठत असेल तर मुलाला कितीही शिकवा, तो बापाचंच बघणार. आमच्याकडे ताट उचलायचं भांडण लग्नानंतर लगेच झालं, ते झालं म्हणून बरं. आणि सासूबाईंना उत्तर मुलासमोरच द्या, मागाहून खोलीत नको. टोमणा त्यानं ऐकलेला असतो, उत्तरही ऐकू दे.