तीन पानांत संपलेली जादू

या वेळच्या पत्रांमध्ये जादूच्या पुस्तकांवरचे तीन प्रश्न आलेत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकाला ठेवून हे तिन्ही एकत्रच घेते.

प्रश्न : मी बरीच वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतोय. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला सध्या हॅरी पॉटरचं वेड लागलंय. मी बाहेर चमत्कारांच्या विरोधात बोलायचं आणि घरी मुलगी काडी फिरवत मंत्र म्हणतेय, हे काही पटत नाही. वाचू द्यावं का?
(एक वडील, सातारा)

उत्तर : वाचू द्या, अगदी निर्धास्तपणे. तुमची काळजी समजते मला, आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ साल उजाडलं आणि त्यामागे किती लोकांची किती वर्षं गेली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. पण भोंदूबाबा काय सांगतो? तू काही करू नकोस, माझ्यावर विश्वास ठेव, पैसे ठेव, काम होईल. या पुस्तकात बरोब्बर उलटं आहे. जादू अंगात असूनही पोरांना सात वर्षांची शाळा आहे, होमवर्क आहे, परीक्षा आहेत, आणि पहिल्या भागात एक साधं पीस टेबलावरून वर उचलायचं तर अख्खा वर्ग घामाघूम होतो, हॅरीचा मित्र रॉन पवनचक्कीसारखे हात फिरवतोय पण पीस ढिम्म हलत नाही, कारण त्याचा उच्चार चुकतोय आणि शेजारी बसलेली त्यांच्या वर्गातली हर्मायनी त्याला ते तोंडावर सांगते.

आणि १९९८ चा दुसरा भाग तर तुम्ही स्वतः वाचाच. त्यात गिल्डरॉय लॉकहार्ट नावाचे एक सर आहेत. हसरे फोटो, स्वतःच्या पराक्रमांची पुस्तकं, आणि तीच पुस्तकं विद्यार्थ्यांना विकत घ्यायला लावलेली. पहिल्याच तासाला पिंजऱ्यातून पिक्सी नावाचे छोटे छोटे खोडकर जीव सोडतात, ते वर्गात धुमाकूळ घालतात, सरांचा मंत्र काही चालत नाही आणि आवरायचं काम तीन मुलांवर टाकून सर पसार. शेवटी कळतं की पराक्रम सगळे दुसऱ्यांचे होते, हा फक्त त्यांची आठवण पुसून श्रेय लाटत होता. यापेक्षा सरळ बुवाबाजी कुठल्या बालपुस्तकात रंगवलीये, सांगा. मुलीला एवढंच विचारा की हा माणूस खोटा आहे हे तुला नेमकं कुठल्या पानावर कळलं. तुमच्या कामाची गोष्ट तिथूनच निघेल.

प्रश्न : नातवाला 'हॅरी पॉटर आणि परीस' रोज रात्री मी वाचून दाखवते. पण ती इंग्रजी नावं जिभेवर बसत नाहीत आणि तो हसतो. सोडून देऊ का?
(एक आजी, सोलापूर)

उत्तर : आजी, अजिबात सोडू नका! त्या जादूच्या शाळेचं, हॉगवर्ट्सचं, हागवर्ट झालं तरी चालेल, त्याच्या लक्षात तुमचाच उच्चार राहणार आहे. सतरा प्रकरणं आहेत, रोज एक म्हटलं तरी अडीच आठवड्यांत होतं. पहिलं जरा रेंगाळतं, तिथे मूल चुळबुळ करतं, भराभर वाचा आणि हॅरीला शाळेची पत्रं यायला लागली की वेग कमी करा.

शिवाय तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी त्या इंग्रजी पुस्तकात नाही. परिसा भागवतांचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत टाकून दिला, भागवत संतापले, तेव्हा नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढून पुढे धरले आणि तो प्रत्येक खडा परीस निघाला. ही आधी सांगा. कारण हॅरीच्या हातात परीस येतो तो अशासाठी की त्याला तो शोधायचाय पण वापरायचा नाहीये. नातू आपणहून म्हणेल, आजी हे तर नामदेवांसारखं झालं. आणि हो, पुस्तकात तो परीस ज्याचा आहे तो निकोलस फ्लामेल खरंच होऊन गेला, पॅरिसमधला लेखनिक, १४१८ मध्ये वारला, त्याने १४०७ मध्ये बांधलेलं घर अजून उभं आहे. परीस मात्र लोकांनी मागाहून त्याच्या नावावर चिकटवला.

प्रश्न : ताई, मी सहावीत आहे. मी गोष्ट लिहितेय. एका मुलाला माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत अंगठी सापडते आणि त्याला कळतं की त्याला जादू येते. मग तो सगळ्या दुष्टांना हरवतो. पण तीन पानांतच संपली. मोठी कशी करू?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : अगं, माळा आणि ट्रंक वाचूनच मला ती गोष्ट हवीशी झाली. ती तीन पानांत संपली कारण तुझ्या मुलाची जादू पहिल्या दिवसापासूनच सगळं करू शकते.

उर्सुला ल ग्विन यांचं १९६८ चं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' बघ. त्यातला सात वर्षांचा मुलगा शेळ्या राखतो. मावशी काहीतरी शब्द म्हणते आणि छपरावर चढलेली शेळी खाली येते, हे त्याने पाहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी कुरणात तो तेच शब्द ओरडतो, अर्थ माहीत नसताना. शेळ्या येतात. तो पुन्हा ओरडतो, त्या आणखी जवळ येतात, चहूबाजूंनी खेटतात, हलत नाहीत, आवाज करत नाहीत, आणि पोरगं घाबरून गावाकडे पळत सुटतं तर सगळा कळप दोरीने बांधल्यासारखा त्याच्याबरोबर! जादू आली, पण थांबवायची कशी ते आलं नाही. अख्खं पुस्तक या एका गोष्टीतून वाढतं. (मला अजून एक आवडतं, तो मुलगा तांबूस-सावळ्या रंगाचा आहे, आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर त्याला गोरा रंगवलं याबद्दल ल ग्विन उघड नाराज होत्या.)

तर तू आधी ठरव की अंगठी काय करू शकत नाही. मग ट्रंक उघडण्याआधीच्या दिवसांत दोन-तीन खुणा पेर. हॅरीला आपल्याला जादू येते हे अकराव्या वाढदिवसाला कळतं, पण त्याआधी मावशीने भादरलेले केस एका रात्रीत परत आलेत, प्राणिसंग्रहालयात अजगराची काच नाहीशी झालीये, आणि शाळेच्या पत्रावर चक्क 'जिन्याखालचं कपाट' असा पत्ता आहे. वाचणाऱ्याला त्याच्याआधी कळतं आणि आता याला कधी कळणार म्हणून आपण पानं उलटत राहतो.

आणि दुष्ट लगेच आणू नकोस. त्याला घरातच काहीतरी छोटं करू दे, रहाट आपोआप फिरू दे नि थांबू नये, विहिरीचं पाणी मागच्या पडवीपर्यंत यावं, आणि तेवढ्यात आजी बाहेर यावी. तिला ती अंगठी ओळखीची आहे का?