थंडीतील गळ आणि आमिष : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी हुक्केरी तालुक्यात राहतो आणि हिडकल धरणाच्या फुगवट्यावर परवाना घेऊन हौसेने गळ टाकतो. दसरा-दिवाळीपर्यंत शेंगदाणा पेंडीच्या गोळीला रोहू आणि मृगळ उत्तम लागत होते. मार्गशीर्ष लागल्यापासून मात्र तीच पेंड, तीच जागा आणि पहाटेची तीच वेळ असूनही तरंगा हलतसुद्धा नाही. मोबाईलवरील एका परदेशी चित्रफितीत थंडीत फक्त जिवंत अळ्या वापराव्यात असे सांगितले होते. आमिष बदलावे का?

उत्तर : बदलावे; परंतु आमिषाच्या प्रकाराआधी त्याचा आकार, त्याचे प्रमाण आणि आपली वेळ बदलावी. ज्या चित्रफिती आपण पाहता त्या बहुधा बर्फाच्या काठावरच्या असतात आणि तिथल्या तळ्यांचे पाणी चार-पाच अंशांवर आलेले असते. बेळगाव परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हवेचा पारा १४ अंशांच्या आसपास उतरतो, क्वचित त्याहून खाली जातो. पण घटप्रभेवरच्या एवढ्या मोठ्या जलसाठ्याचे पाणी हवेइतके थंड कधीच होत नाही. आपला मासा उपाशी बसलेला नाही, त्याची भूक मंदावली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ही भूक का मंदावते हे समजले की आमिष आपोआप ठरते. माशाच्या अंगाची ऊब पाण्यावर अवलंबून असते आणि पाणी १० अंशांनी उतरले तर त्याच्या शरीरातील व्यवहारांचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. शिवाय रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस या कार्प कुळातील माशांना खरे जठर नसते. खाल्लेले थेट लांबलचक आतड्यात जाते. त्यामुळे एकदम भरपूर खाऊन साठवून ठेवणे त्यांना जमत नाही आणि थंडीत आधीचे पचेपर्यंत ते पुढच्या घासाकडे वळत नाहीत. दिवाळीपूर्वी आपण पेंडीचे दहा लाडू पाण्यात फेकून मासे जमवत असाल, तर आता त्याच दहा लाडवांनी मासे जमतील आणि पोट भरून निघूनही जातील, गळावरच्या अकराव्या गोळीला कोणी तोंड लावणार नाही. बोराएवढ्या दोन-तीन गोळ्या एकाच ठिकाणी टाकाव्यात आणि तासाभराने पुन्हा एखादी टाकावी. गळावरची गोळी हरभऱ्याएवढी असावी आणि गळही त्या मानाने लहान, म्हणजे चार क्रमांकाऐवजी आठ किंवा दहा क्रमांकाचा असावा. (गळाचा क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो, दुकानात पुष्कळांची येथेच फसगत होते.)

दुसरी गोष्ट वासाची. गार पाण्यात आमिषातील द्रव्ये सावकाश विरघळतात आणि सावकाश पसरतात. घाण्याच्या पेंडीत तेलाचा अंश बराच राहतो, तेल पाण्यात विरघळत नाही, ते सुटून वर तरंगते, आणि आपला मृगळ तर तळाशी चरणारा मासा आहे. काही जण थंडीत वास वाढवायचा म्हणून पिठात खोबरेल तेल किंवा तूप घालतात, ही तर चक्क चूक होय. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठते. न्हाणीघरातील बाटली ज्या दिवसांत चुलीजवळ ठेवावी लागते, त्या दिवसांत तेच तेल पाण्याखाली दुसरे काय करणार? त्याऐवजी पाण्यात विरघळणारी गोडी वापरावी. आपल्या भागात याच महिन्यांत गुऱ्हाळे चालू असतात आणि ताजी काकवी सहज मिळते. माझ्या मते थंडीतील आमिषासाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही.

मी पुढीलप्रमाणे पीठ मळतो. ज्वारीचे पीठ दोन वाट्या, कणीक एक वाटी, भाजलेले डाळीचे पीठ अर्धी वाटी आणि पेंडीची पूड केवळ वासापुरती, दोन चमचे. हे सर्व काकवी आणि त्याच ठिकाणचे पाणी घालून मळावे. कणकेला चिकटपणा असल्याने नुसत्या कणकेची गोळी तासभर तशीच बसून राहते. ज्वारीला तो चिकटपणा नसतो, हे भाकरी थापणाऱ्या कोणत्याही घरात वेगळे सांगावे लागणार नाही. दोन्ही मिसळले की गोळी गळावर टिकतेही आणि कडेने झरतही राहते. काठावर बादलीत एक गोळी टाकून पाहावी. ती दहा-पंधरा मिनिटांत कडेने सुटू लागली नाही तर ज्वारी वाढवावी आणि पाण्यात पडताच फुटली तर कणीक वाढवावी. रोहूसाठी हुरड्याचे कोवळे दाणेही वापरून पाहावेत, एका गळाला दोनच.

वेळेबद्दल मी थोडा आग्रही आहे. पहाटेचा हट्ट उन्हाळ्यासाठी राखून ठेवावा. थंडीत सकाळी अकरा ते दुपारी साडेतीन हा काळ चांगला, आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे जलाशयाचा उत्तरेकडील, ऊन समोरून घेणारा उथळ काठ आधी तापतो. पहाटे जायचेच असेल तर खोल पाण्यात टाकावे. पावसाळ्यातील गढूळपणा आता खाली बसलेला असतो, तेव्हा दोरी बारीक घ्यावी आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये.

प्रश्न : निपाणीजवळ दूधगंगेच्या डोहात मरळ आहेत. हिवाळ्यात त्यांना काय लावावे? शिवाय पाऊस संपल्यावर गांडुळे मिळत नाहीत.

उत्तर : मरळ हा मांसाहारी मासा असल्यामुळे पिठाच्या गोळीचा येथे उपयोग नाही. गांडुळांचा लहान झुबका किंवा बोटभर लांबीची मेलेली मासोळी लावावी. उन्हाळ्यात मरळ आमिषाचा पाठलाग करतो, थंडीत करीत नाही. म्हणून आमिष ओढत न बसता ते पाणवनस्पतीच्या कडेला सोडून थांबावे. हा मासा हवेतून श्वास घेण्यासाठी अधूनमधून वर येतो. दुपारच्या उन्हात काठावर शांत बसून तो कोठे वर येतो ते आधी पाहिले, तर अर्धे काम झाले असे समजावे. गांडुळांसाठी कोरडे शेत खणण्यात अर्थ नाही. शेणखताच्या खड्ड्याची ओलसर कड, केळीचा बुंधा किंवा मोरीचे सांडपाणी मुरते ती जागा पाहावी. गांडूळखत करणाऱ्या शेतकऱ्याकडे मूठभर मागितले तरी मिळतात. आपण तंबाखूच्या गावचे आहात म्हणून एक सूचना : तंबाखू हाताळली असल्यास गळाला आमिष लावण्यापूर्वी हात ओल्या मातीने चोळून धुवावेत.

प्रश्न : राकसकोपला किंवा खानापूरच्या जंगलातील ओढ्यांवर गळ टाकता येईल का? पिठात व्हॅनिला इसेन्स घालावा का?

उत्तर : राकसकोपचे पाणी बेळगाव शहर पिते, त्यामुळे तेथे आमिषाचे पीठ टाकण्याचा विचार करू नये. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मासेमारी करता येत नाही. इतर जलाशयांवर मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतात, म्हणून आधी मत्स्य खात्याच्या तालुका कार्यालयात चौकशी करावी.

इसेन्स घालायचा असेल तर वाटीभर पिठाला दोन-चार थेंब पुरेत. काकवी घातली असेल तर तेही नकोत.