'साक्षात्कार' नव्हे, 'मुलाखत'

पुण्यात स्त्री-अभ्यास विषयात एम. ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले आहेत. प्रबंधिकेसाठी ती जनता वसाहतीतील घरकामगार बायकांशी बोलली. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात या बोलण्याला 'साक्षात्कार' म्हणावे, 'मुलाखत' म्हणावे की 'संवाद', हा पहिला प्रश्न. आणि बोलणाऱ्या बाईला 'उत्तरदाती' म्हटलेले चालेल का, हा दुसरा. 'मुलाखत' हा परका शब्द आहे, तो टाळावा, असे तिला एका जाणकारांनी बजावले आहे.

'साक्षात्कार' आधी खोडावा. हिंदीत तो या अर्थाने रूढ आहे आणि तिथे तो योग्यच आहे. मराठीत मात्र साक्षात्कार होतो तो ईश्वराचा किंवा सत्याचा, आणि तो कोणाला घेता येत नाही. तरीही 'बारा महिलांचे साक्षात्कार घेण्यात आले' हे वाक्य मला प्रबंधिकांत सतत भेटते. हिंदी पुस्तकांवरून टिपणे काढताना शब्द तसाच उचलला जातो. पदव्युत्तर अभ्यासात प्रत्येक संज्ञा पारखून घ्यायची असते, तिथे ही हयगय क्षम्य नाही.

ज्या शब्दाला जाणकारांनी परका ठरवले, तोच या विषयाला सर्वांत जवळचा आहे. 'मुलाखत' म्हणजे अरबी 'मुलाकात'. 'वक्त'चा आपण जसा 'वखत' केला, तसाच इथेही 'क'चा 'ख' झाला. मूळ धातूचा अर्थ भेटणे, गाठ पडणे असा आहे. परंतु खरी गंमत धातूत नसून साच्यात आहे. अरबीत 'मुफाअला' नावाचा एक साचा आहे आणि त्यात घडलेला शब्द बहुधा अशी क्रिया सांगतो, जी पार पडायला समोर दुसरे कोणीतरी असावे लागते. 'मुकाबला' याच साच्यातला, म्हणजे समोरासमोर येणे. 'मुशायरा' याच साच्यातला, आणि एकट्या कवीचा मुशायरा होत नाही. एकाने विचारावे आणि दुसऱ्याने निमूट सांगावे, हा अर्थ 'मुलाखत' या शब्दाच्या घडणीत कुठेही नाही.

हा जुना अर्थ पाहायला दूर जावे लागत नाही. येरवडा कारागृहात कैद्याला भेटायला आलेले नातेवाईक 'मुलाखती'साठीच नाव नोंदवतात. जाळीच्या एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला आई. तिथे मुलाखत कोणी घेतली आणि कोणी दिली, असे विचारताच येत नाही, कारण ती दोघांची 'होते'. माझा तर्क असा की शब्द बिघडला तो 'घेणे' आणि 'देणे' या क्रियापदांमुळे, आणि ती त्याला चिकटली वर्तमानपत्रांतून व नोकरीच्या उमेदवारीतून. म्हणून शब्द बदलण्यापेक्षा क्रियापद बदलावे, असे मी आग्रहाने सांगेन.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अॅन ओकली यांनी 1981 मध्ये मुलाखतीवर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्याचा गाभा हाच आहे. मुलाखतकाराने विचारावे, स्वतःविषयी काही सांगू नये, उलटप्रश्न टाळावेत, असे तेव्हाची पाठ्यपुस्तके शिकवीत. ओकली मात्र नव्याने आई होणाऱ्या स्त्रियांशी बोलत होत्या आणि त्या स्त्रिया त्यांनाच विचारीत होत्या की बाळंतपणात पाठीत देतात त्या भुलीने कधी बाई लुळी पडते का. अशा प्रश्नाला टोलवणे ओकलींना नैतिकदृष्ट्या आणि संशोधन म्हणूनही चूक वाटले. त्यांनी जे संशोधनाच्या अनुभवातून मांडले, ते आपल्या शब्दाच्या साच्यात आधीपासून आहे. मराठीतही उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे 1989 चे पुस्तक सिद्ध केले. त्या इतिहासाचा मोठा भाग अशा भेटींतूनच हाती आला.

'संवाद' सुचवणाऱ्यांशीही मी सहमत नाही. त्या शब्दात समानता गृहीत धरलेली असते. ध्वनिमुद्रक एकीच्या हातात असतो, पदवी एकीलाच मिळते आणि दुसरीला पुढच्या घरची भांडी घासायला वेळेवर पोहोचायचे असते. हा फरक झाकणारा शब्द स्त्रीवादी संशोधनाला उपयोगाचा नाही. 'मुलाखत' समानतेचा दावा करीत नाही; दोघी समोरासमोर होत्या, एवढेच सांगते, आणि 'मुकाबला' तिचा सख्खा भाऊ असल्याने ताणालाही जागा ठेवते.

'उत्तरदाती' राहिलेच. 'दातृ'चे स्त्रीलिंगी रूप 'दात्री', म्हणून व्याकरणाने 'उत्तरदात्री' हवे. पण जी स्वतःही प्रश्न विचारते तिला निव्वळ उत्तरे देणारी का म्हणावे? 'सहभागी स्त्री' लिहावे, आणि वाक्य असे करावे: 'जनता वसाहतीतील बारा घरकामगार स्त्रियांशी माझ्या मुलाखती झाल्या.'