वाचकांचे प्रश्न : दोन प्रोसेसरांचा संगणक कुठे अडतो?

प्रश्न : कास्टिंग डिझाइनसाठी जुना दोन-प्रोसेसर डेस्कटॉप घेतला आहे. दोन झिऑन एक्स५६५० प्रोसेसर, इंटेल ५५२० चिपसेटचा ओव्हरक्लॉकिंगची (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची) सोय असलेला बोर्ड, १३३३ ची सहा मेमरी मोड्यूल. बेस क्लॉक (सगळ्या भागांचा पायाभूत वेग) १८० मेगाहर्ट्झ, मल्टिप्लायर (कोअरसाठी त्याची पट) २०, म्हणजे ३.६ गिगाहर्ट्झ. मेमरी ८ पटीवर, क्यूपीआय (प्रोसेसरांना जोडणारा दुवा) ‘५.८६’वर ठेवला आहे. प्राइम९५ या ताण-चाचणीच्या प्रोग्रामची स्मॉल एफएफटी चाचणी तासभर नीट चालते, पण रात्री सॉलिडिफिकेशनचं (ओतीव धातू गोठण्याचं) सिम्युलेशन लावलं की निळा पडदा येतो, कोड ०एक्स१२४. कोअर व्होल्टेज १.३५ केलं तरी तेच. काय करावं? (एक वाचक, शिरोली एमआयडीसी)

उत्तर : कोअर व्होल्टेज आधी खाली आणा, दुखणं तिथे नाही. स्मॉल एफएफटी प्रोसेसरच्या कॅशमध्येच उरकते. सिम्युलेशन मात्र सगळी मेमरी ढवळतं आणि एका प्रोसेसरकडचा डेटा दुसऱ्याकडे सतत नेतं. म्हणून तुमचे कोअर टिकतात आणि मेमरी किंवा क्यूपीआय मान टाकतो.

आकडे मांडून बघा. बायॉसमधलं (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमधलं) ‘५.८६’ हे १३३ च्या बेस क्लॉकवरचं आहे, म्हणजे ४४ पट. बेस १८० केल्यावर तोच दुवा ७.९२ वर धावतो, आणि या प्रोसेसरची क्यूपीआयची मर्यादा ६.४ आहे. मेमरीही १३३३ ऐवजी १४४० वर गेली. दोन्ही गोष्टी एकदमच हद्दीबाहेर आहेत.

बेस १६६ वर आणा. मेमरी ८ पटीवर ठेवली की बरोबर १३३३ येते. क्यूपीआयसाठी ‘४.८’ निवडा, ते ३६ पट असल्याने ६.० होतं. अनकोअर (प्रोसेसरमधला कोअरबाहेरचा, मेमरी सांभाळणारा भाग) १६ पट, म्हणजे मेमरीच्या दुप्पट. तिथे अडखळलं तर १२ पटीपर्यंत उतरवता येतो. पीसीआय एक्सप्रेस १०० वर कायम. टर्बो आणि वीजबचतीचे पर्याय तूर्त बंद. कोअर मल्टिप्लायर मुद्दाम १२ करा. आता कोअर जेमतेम २ गिगाहर्ट्झवर आहेत, त्यामुळे काही बिघडलंच तर दोष मेमरी, अनकोअर किंवा क्यूपीआयचाच. मेमटेस्ट८६+ च्या दोन पूर्ण फेऱ्या आणि मग प्राइम९५ ची, मेमरीही वापरणारी, ब्लेंड चाचणी रात्रभर चालवा. अडलं तर व्हीटीटी व्होल्टेज (अनकोअर आणि क्यूपीआयला मिळणारं) ०.०२५ च्या पायरीने वाढवा, १.३५ च्या पुढे नको. हे पक्कं झाल्यावरच मल्टिप्लायर २० करा. ३.३३ गिगाहर्ट्झ मिळतील.

३.६ चा मोह सोडाच, असं आमचं स्पष्ट मत आहे. १८० वर मेमरी सुरक्षित ठेवायची तर ६ पट घ्यावी लागते आणि ती १०८० वर उतरते. सॉलिडिफिकेशनसारख्या मेमरीवर अडणाऱ्या कामाला त्यापेक्षा १६६ ची जोडणी फायद्याची पडते.

मल्टिप्लायर वाढवल्यावर पडलं, तर दोनपैकी कच्चा प्रोसेसर शोधावा लागेल. बेस क्लॉक दोघांना एकच असल्याने कच्चा जिथे थांबेल तीच दोघांची मर्यादा. एकेक प्रोसेसर एकटाच पहिल्या सॉकेटमध्ये बसवून तीच चाचणी द्या. बोर्डावर दोघांचं व्होल्टेज वेगळं ठेवता येत असेल तर फक्त कच्च्यालाच वाढवून द्या. कोड ०एक्स१०१ आला तर बहुधा कोअर व्होल्टेज कमी पडतंय. निळा पडदा आला नाही तरी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या) नोंदी पाहा. १९ क्रमांक प्रोसेसरची, ४७ मेमरीची सावरलेली चूक दाखवतो. अशा नोंदी येत असतील तर जोडणी स्थिर नाही. सिम्युलेशनच्या निकालावर भरवसा ठेवू नका.

उष्णतेचा हिशेबही करा. क्लॉकचा वेग २५ टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढलं की प्रोसेसर सुमारे दीडपट वीज खातो. ९५ वॅटचा १४० च्या पुढे जातो, आणि असे दोन आहेत. कोअर ८० अंशांच्या आत ठेवा. चिपसेट आणि व्होल्टेज रेग्युलेटरवरही वेगळा पंखा हवा. पॉवर सप्लायमधून दोन स्वतंत्र ८ पिनी केबल आल्या पाहिजेत. हार्डडिस्कच्या कनेक्टरवरून अडॅप्टर लावून काम भागवू नका, तो वितळतो. फाउंड्रीजवळची धूळ वाळू आणि कोळशाच्या भुकटीची असते, ओलाव्यात ती वीज वाहू शकते. पावसाळ्याआधी ब्लोअरने साफसफाई कराच.

प्रश्न : ओव्हरक्लॉक केल्यापासून २४ पैकी २० जीबीच मेमरी दिसते. (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : एक ४ जीबी मोड्यूल गळलं आहे. आधी जुन्या वेगावर येऊन पाहा. तरीही नसेल तर कूलरचे स्क्रू तपासा. एलजीए १३६६ या तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये एक बाजू जास्त आवळली की प्रोसेसर किंचित कलतो आणि मेमरीचा एखादा चॅनेल सुटतो. चारही स्क्रू ढिले करून आलटूनपालटून, तिरक्या क्रमाने सारखे आवळा. त्यानेही आली नाही तर सॉकेटमधली वाकलेली पिन भिंगाखाली शोधा.

प्रश्न : ब्रँडेड वर्कस्टेशनच्या बायॉसमध्ये बेस क्लॉक बदलायचा पर्यायच नाही. विंडोजही एकच प्रोसेसर दाखवतं. (एक वाचक, उद्यमनगर)

उत्तर : विंडोजची होम आवृत्ती एकच सॉकेट वापरते, दोनसाठी प्रो घ्या. वेग हवा असेल तर क्लॉक चिपशी खेळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला न जाता एक्स५६७५ ची जोडी बसवा : ३.०६ गिगाहर्ट्झ, तेच ९५ वॅट. दोन्ही एकाच स्टेपिंगचे (चिपच्या एकाच सुधारित आवृत्तीचे) घ्या आणि बायॉस आधी अद्ययावत करा.