विचारा की राव! ड्रॅगन पाळायचाय, पण खायला काय घालायचं?

प्रश्न (राजारामपुरी): दादा, मी फँटसी कादंबरी लिहितोय. पन्हाळ्यासारखा गड, राजाकडं २० ड्रॅगन, एकेक २ टनाचा, अंबरखान्यासारख्या दगडी कोठारात ठेवलेत, शेजारीच गडाचं धान्य. मित्र म्हणतो पटत नाही. आता ड्रॅगनच खोटा, तर पटायचं काय त्यात?

उत्तर: भावा, ड्रॅगन खोटा चालतो, त्याच्या खाण्याचा हिशोब खोटा चालत नाही. आधी ठरव, रक्त गरम का थंड. गरम असंल तर सिंहाच्या मापानं २ टनाच्या जनावराला रोज ३५-४० किलो मटण धर, म्हणजे २० जणांची रोजची चाळीसेक बकरी झाली, पंचक्रोशीत तांबड्या रश्श्याला फोड उरायची नाही आणि तुझा राजा दुसऱ्या प्रकरणातच कर्जबाजारी. थंड रक्ताचा केलास तर खर्च साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. इंडोनेशियातला खराखुरा कोमोडो ड्रॅगन बघ, ३ मीटरपर्यंत वाढतो, एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत हाणतो आणि मग कित्येक दिवस निवांत पडून राहतो.

पण थंड रक्ताचं जनावर उन्हात तापल्याशिवाय नीट हलत नाही, आणि पन्हाळ्यावर आषाढात ऊन कुठनं आणणार? धुक्यात दोन हातांवरचा माणूस दिसत नाही तिथं. म्हणजे पावसाळाभर तुझं सगळं ड्रॅगनदळ गारठून पडलेलं, आणि शत्रूला हे माहीत असणारच की! महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले तेही १६६० च्या भर पावसात, तसा तुझ्या शत्रूनं पाऊस बघूनच हल्ला केला तर कादंबरी तिथंच उभी राहते बघ. आणि ते धान्य आधी हलव राव, धान्याची बारीक धूळ हवेत उडालेली असली की एका ठिणगीत स्फोट होतो, इथं तर ठिणगीवाला शेजारीच झोपलाय.

प्रश्न (शाहूपुरी): ड्रॅगन माणसाळतो का हो? पिल्लापास्नं वाढवला तर?

उत्तर: ह्याला कोल्हापुरात लांब जायला नको, संस्थानाच्या काळात इथं शिकारीला चित्ते पाळलेले, नंतर नंतर तर आफ्रिकेतनं आणलेले. जुनी पद्धत अशी की पिल्लू धरायचं नाही, मोठाच धरायचा, कारण शिकार त्याला आईनं शिकवलेली असते, ती माणसाला शिकवता येत नाही. डोळ्यांवर टोपी घालून बैलगाडीवरनं माळावर न्यायचा, हरणं दिसली की टोपी काढायची. शिकार झाली की खरी कसरत, कारण चित्ता हरणाचा गळा सोडायचा नाही, मग त्याच शिकारीचं रक्त लाकडी पळीतनं त्याच्या तोंडापुढं धरायचं, तो चाटायला लागला की हळूच टोपी परत डोळ्यांवर. ह्याला माणसाळणं म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा, मला तर हा सौदा वाटतो. शिवाय पाळीव चित्त्यांची वीण जवळजवळ झालीच नाही, जहांगीराच्या काळातल्या एका वेताची तेवढी नोंद आहे. तेव्हा ड्रॅगनची पिल्लं वाड्यात जन्मतात असं लिहिण्याआधी जरा दमानं, बाहेरनं धरून आणायची झाली तर ती धरणारी माणसं कोण, त्यांचा पगार काय, हे जास्त मजेशीर आहे.

प्रश्न (गंगावेश): आग कुठनं येती?

उत्तर: बॉम्बार्डियर बीटल नावाचा किडा दोन रसायनं पोटातल्या एका पिशवीत साठवतो आणि वेळ आली की ती दुसऱ्या कप्प्यात सोडून, तिथल्या क्रिया भडकवणाऱ्या पदार्थांशी गाठ घालून जवळपास १०० अंशाची फवारणी करतो, ज्वाळा नसती पण भाजतंय. मला विचाराल तर आपला ड्रॅगन काकवी पिणारा करा. पोटातल्या एका पिशवीत ती आंबणार, मळीपास्नं स्पिरिट होतंय तसंच, आणि दातावर दात घासून ठिणगी. मग गुऱ्हाळं चालू तोवर आग, हंगाम संपला की नुसता धूर. ऊसवाल्यांनी संप केला तर राजाची काय हालत होईल बघा!

प्रश्न (मंगळवार पेठ): पाठीवर पैलवान बसवून उडवला तर?

उत्तर: नको. उडणाऱ्यांतला सगळ्यात मोठ्यांपैकी एक म्हणजे क्वेट्झालकोटलस, डायनासोरच्या काळातला उडणारा सरपटणारा प्राणी, पंख पसरले की १० मीटरच्या आसपास, आणि वजनाचा अंदाज २००-२५० किलो. त्याच्यावर १२० किलोचा गडी चढवला तर दोघं रंकाळ्यात. एखादं हलकं पोरगं बसवा, नायतर ड्रॅगन जमिनीवरच पळवा.