स्ट्रॉबेरी हवी की दरी?

प्रश्न: ताई, आम्हाला चार दिवस महाबळेश्वरला जायचं आहे. सोबत सासूबाई (वय 71, गुडघे दुखतात) आणि सहावीतला मुलगा. मुलाला शेतात जाऊन स्ट्रॉबेरी तोडायची आहे, ह्यांना पावसातलं धुकं हवंय, आणि सासूबाई म्हणतात, "मला एकदा डोंगरावरून खोल दरी बघू दे." कोणता महिना धरू? – एक भगिनी, लातूर

उत्तर: तुमच्या घरातल्या तिघांनी तीन वेगवेगळे ऋतू मागितलेत, ते एका फेरीत बसायचे नाहीत. या खेपेला सासूबाईंचं ऐका. कोजागिरी झाली की धनत्रयोदशीपर्यंत जे बारा-तेरा दिवस मिळतात, त्यात जा.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण माझं माहेरच महाबळेश्वर. वडील एका जुन्या बंगल्याची राखण करायचे. मे संपत आला की आम्ही सगळी भावंडं त्यांच्या हाताखाली गवताच्या ताट्या बांधायला बसायचो. त्या बाहेरच्या भिंतींना लावायच्या, नाहीतर पाऊस भिंतीत मुरायचा. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तिथून अठरा-वीस किलोमीटरवर पाचगणी, पण तिथे त्याच्या निम्माही नाही. आमच्या घरात जुलैत मिठाला पाणी सुटायचं, काडी पेटायची नाही, आणि शाळेचा गणवेश आई शेगडीवर धरून वाळवायची.

तुमच्या यजमानांना हवं ते धुकं या दिवसांत भरपूर मिळेल. पण एका जुलैत बार्शीचे एक निवृत्त गुरुजी आमच्या ओळखीने आले होते. आयुष्यातली त्यांची पहिलीच थंड हवेच्या ठिकाणची सहल. मी त्यांना सलग तीन दिवस ऑर्थर सीटला नेलं. तिसऱ्या दिवशी ते कठड्याला हात लावून उभे होते, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, आणि त्यांनी मला विचारलं, "पोरी, दरी नेमकी कुठल्या अंगाला आहे?" समोर हजारो फूट खाली सावित्रीचं खोरं होतं आणि त्यांना पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. त्यांचं पुन्हा येणं झालं नाही. तेव्हापासून, दरी बघायची आहे असं कुणी म्हटलं की मी त्यांना पावसाळ्यात जाऊ देत नाही. शिवाय घाटात दरडी येतात. आंबेनळी घाट तर पावसाळ्यात कधी बंद होईल सांगता येत नाही. वयस्कर माणूस सोबत असताना ही जोखीम कशाला?

कोजागिरीनंतर मात्र हवा धुऊन निघालेली असते. गवत अजून हिरवं, टोकाला नुकतं पिवळं पडू लागलेलं. लिंगमळ्याच्या धबधब्याला पाणी असतं. केट्स पॉइंटला सकाळी आठच्या सुमाराला सासूबाईंना घेऊन जा. गाडीतून उतरून फार चालावं लागत नाही. खाली कृष्णेच्या खोऱ्यात धरणाचं पाणी पसरलेलं दिसेल, काठची शेतं चौकटी-चौकटींनी मोजता येतील. मे महिन्यात हेच सगळं धुरकट असतं. विल्सन पॉइंटलाही गाडी अगदी जवळ जाते. तिथला सूर्योदय त्यांना चुकवू देऊ नका, फक्त शाल आणि कानटोपी घ्या. ऑर्थर सीट आणि प्रतापगडाच्या पायऱ्या मात्र त्यांच्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत. तिथे तुम्ही मुलाला घेऊन जा, त्यांना जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात बसू दे. गार दगडी ओवरीत गोमुखातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत त्यांचा तास सहज जाईल.

एक लक्षात ठेवा, परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो आणि दुपारनंतर गडगडाट करून येतो. म्हणून पॉइंट सकाळी उरकायचे. खोली सोमवार ते गुरुवार अशी घ्या. मुलाची सहामाही परीक्षा संपली की त्याच्या पुढच्याच सोमवारी निघालात तर उत्तम. पाडव्यापासून जी गर्दी लोटते, तिच्यात वेण्णा तलावापाशी गाडी तासन्‌तास हलत नाही.

आता चिरंजीवांचं. ऑक्टोबरात स्ट्रॉबेरी तोडायला मिळणार नाही, हे त्याला आधीच सांगा. फळ नोव्हेंबरअखेर सुरू होतं आणि मार्चपर्यंत चालतं. पण ऑक्टोबरात रोपांची लागण नुकतीच झालेली असते. उंच वाफ्यांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, त्याला पाडलेल्या एकेका भोकात मुठीएवढं रोप, आणि कागदाखालून ठिबकची नळी. शेतकऱ्याला विचारून त्याला वाफ्याजवळ बसू द्या. नंतर जानेवारीत तुम्ही दोघं आणि तो, असे तिघंच पुन्हा जा. तेव्हा त्याला टोपली भरून तोडू दे. थंडी कडाक्याची असते, एखाद्या पहाटे वेण्णा तलावाजवळ गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. म्हणूनच सासूबाईंना जानेवारीत नेऊ नका म्हणते.

प्रश्न: आम्हा दोघांना मे महिन्याशिवाय रजाच मिळत नाही. मग महाबळेश्वरला जायचंच नाही का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: जा की! सोलापूरच्या उन्हातून आलेल्या माणसाला तिथली मेमधली संध्याकाळसुद्धा औषधासारखी लागते. दरीची आशा धरू नका, आणि दुपारी अकरा ते चार बाहेर पडू नका, ऊन तिथेही लागतं. सकाळी आडवाटेच्या दाट झाडीत चाला. जांभळं, करवंदं आणि तुती तेव्हाच मिळतात. करवंदं पानाच्या द्रोणात घ्या, विकायला बसलेल्या बाईकडून, आणि तिच्याशी घासाघीस करू नका. काटे सोसून वेचलेली असतात ती. रजा पुढेमागे होत असेल तर पहिला आठवडा सोडा आणि महिन्याच्या शेवटाकडे या. एखादा वळीव झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर का होईना, दरी उघडते. त्या तासाला खोलीत झोपून राहू नका.